पौर्णिमेची नळी

साक्षी लहान असताना आई तिला ज्या गोष्टी सांगायची त्यांत राजा नसायचा आणि राक्षसही नसायचा. बर्फ असायचा. वैशाखातल्या रविवारी दुपारी फरशीवर पाणी मारून, त्यावर ओली चादर टाकून दोघी आडव्या व्हायच्या. वर पत्रा तापून कटकट वाजायचा. आणि तिची आई मनकर्णा, जी आयुष्यात अक्कलकोटच्या पुढे कधी गेली नव्हती, ती डोळे मिटून सांगायची, "तितं लई थंडी. बोललेलं तोंडातच गोठतंय. तितं एक पक्षी हाय. तपकिरी, घारीएवढा. दुसऱ्याची अंडी पळवून खाणारा, लबाड. पर एके दिवशी त्योच आजारी पडला. सकाळी उडत होता आन दुपारी पंख पसरून बर्फावर पालथा. त्येच्या रगतात कोण बसला हुता, सांग?"

"सेफ्टी पिन," साक्षी म्हणायची.

"व्हय. गुलाबी सेफ्टी पिन. दोनी टोकाला गडद, मधी फिकी. येवढीशी. इतकी येवढीशी की दिसायचीबी न्हाय."

मग साक्षीला झोप लागायची. झोपेत पांढरं, गार काहीतरी पसरत जायचं आणि त्यावर कुणाचीतरी पडलेली सेफ्टी पिन ती शोधत राहायची.

मनकर्णा शहरातल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होती. काचेच्या नळ्या धुवायच्या, वाळवायच्या, त्यांना कापसाचे बोळे करून लावायचे, हे तिचं काम. तिथले गुरुशांत सर नव्वदच्या दशकात एका मोहिमेबरोबर दक्षिण ध्रुवाकडे जाऊन आले होते. तिथे स्कुआ नावाचे पक्षी पटापट मरत होते. मेलेल्या एका पक्ष्याच्या रक्तातला जंतू सरांनी नळीत घालून सोलापूरला आणला. पाश्चुरेला त्याचं नाव. सरांचं गाव मैंदर्गी. पावसाळ्याच्या तोंडाला तिकडे म्हशी घटसर्पाने जायच्या, तोही याच जातीच्या जंतूने. "पृथ्वीच्या टोकाला गेलो," सर सांगायचे, "आणि तिथे गावचाच माणूस भेटला की."

सरांनी बर्फावरून आणखी एक गोष्ट आणली होती, ती म्हणजे न वाकणारं बोट. एका सीलच्या तोंडातून नमुना घेताना त्याचा दात लागला. सीलच्या तोंडातला जंतू माणसाच्या बोटात शिरला की सांधा सुजतो. योग्य औषध वेळेवर मिळालं तर बरा होतो. जहाजावर होतं ते औषध त्या जंतूला लागू पडणारं नव्हतं. सरांच्या उजव्या हाताची तर्जनी कायमची ताठ राहिली. ते नुसते उभे असले तरी मुलांना वाटायचं, आपल्यालाच उठायला सांगताहेत.

त्या बोटाने तार धरता येईना. आणि नळीतला जंतू तर जिवंत ठेवायचा होता. एका नळीतलं अन्न संपलं की तारेच्या टोकाने कणभर उचलून त्याला ताज्या नळीत हलवावं लागतं, आणि तेही महिन्याच्या आत, नाहीतर तो मरू लागतो. विद्यार्थी येत, जात, परीक्षेला बसत, विसरत. शेवटी सरांनी मनकर्णाला शिकवलं. डाव्या हातात दोन्ही नळ्या. उजव्या हातात तार, ती दिव्यावर लाल करायची. बोळा करंगळीने काढायचा आणि करंगळीतच धरून ठेवायचा, टेबलावर ठेवायचा नाही. मनकर्णाला ते एका दिवसात जमलं. अडचण फक्त तारखांची होती, त्या तिच्या लक्षात राहत नसत. पौर्णिमा राहायची. पौर्णिमेला संध्याकाळी वस्तीतल्या विहारात वंदनेला जायचं असायचं. त्याआधी, दुपारी, ती कॉलेजात नळी बदलून यायची. कॉलेजला सुट्टी असली तरी.

सरांचे फ्रीजरमधले बाकीचे नमुने भारनियमनाच्या एका उन्हाळ्यात गेले. ही एक नळी तेवढी राहिली. सर निवृत्त झाले, त्यांच्या जागी दोन जण येऊन गेले. मनकर्णा दर पौर्णिमेला नळी बदलत राहिली.

यंदा माघी पौर्णिमेला तिने ती बदलली आणि आठव्या दिवशी दूध तापवता तापवता ओट्याशी खाली बसली, ती पुन्हा उठली नाही.

फाल्गुनाची पौर्णिमा गेली, चैत्राची गेली. साक्षी एका शाळेत ग्रंथपाल होती. तिला उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि घरात दिवसभर कुणी नसणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. वडील धोंडिराम ती कॉलेजात असतानाच गेले होते. वैशाख लागला त्या आठवड्यात प्रयोगशाळेच्या आताच्या प्रमुख, दाक्षायणी मॅडम, यांचा फोन आला.

"प्रयोगशाळा नव्या इमारतीत चाललीय. आईंचं सामान घेऊन जा. आणि एक बोलायचंय, त्या नळीबद्दल."

साक्षी गेली तेव्हा अक्कम्मा बादलीत नळ्या बुचकळत बसली होती. आईची वीस वर्षांची जोडीदारीण, पद्मशाली विणकरांच्या घरातली, अंगाने चांगली भरदार.

"ये गं," ती म्हणाली. "ही बघ लॉकरची चावी. तुझ्या आईनं त्या नळीला जपलं तेवढं मला जपलं असतं ना, तर मी आज अशी वाळली नसते."

साक्षीला हसू आलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा आलं. तिने चावी घेतली.

दाक्षायणी मॅडम पस्तिशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी फ्रिजमधून नळी काढून आणली. आत तिरप्या पिवळट आगरावर, म्हणजे जंतूच्या थिजलेल्या अन्नावर, एक बारीक पांढरट रेघ होती, खालून वर नागमोडी गेलेली. नळीवर चिकटपट्टी, तिच्यावर आईचं अक्षर: माघ.

"शिफ्टिंगच्या आधी जुन्या सगळ्या नळ्या मारून टाकायच्या, असा नियम आहे," मॅडम म्हणाल्या. "पण गुरुशांत सरांनी राष्ट्रीय संग्रहाला पत्र लिहिलंय. तिथे देशभरातले जंतू जपून ठेवतात. ध्रुवावरच्या पक्ष्याचा, इतक्या वर्षांपूर्वीचा नमुना त्यांना हवा आहे. सरांनी एक अट घातलीय. नोंदीत 'जतन करणारी' म्हणून तुमच्या आईचं नाव यायला हवं."

सरांचे निबंध छापून आलेले साक्षीने पाहिले होते. आई ते घरी आणायची, इंग्रजी वाचता येत नसे तरी पक्ष्याचं चित्र बघायची. त्यांत आईचं नाव कुठे नव्हतं, असायचं कारणही कुणाला कधी वाटलं नव्हतं. आईचं नाव आजवर छापलं गेलं होतं ते दोनदाच: लग्नपत्रिकेत आणि श्रद्धांजलीच्या फलकावर.

"जिवंत असेल का तो?" तिने विचारलं.

"बघू. मी आज यातला कण बशीत पसरवते. उद्या दुपारी या."

लॉकरमध्ये निळी साडी, चपला, डबा आणि शाळेची असते तसली एक वही होती. साक्षीने सगळं पिशवीत घातलं.

घरी येऊन तिने फरशीवर पाणी मारलं, चादर ओली केली आणि आडवी झाली. कटकट वाजणाऱ्या पत्र्याखाली तिला कंबर तलाव दिसला. तो काठापासून काठापर्यंत गोठला होता. त्यावर तपकिरी पक्षी रांगेत उभे होते, रेशनच्या दुकानापुढे असतात तसे, थोडे एकमेकांना ढोसत. काठावर एक म्हातारा सील मान टाकून पडला होता, डोळ्यांत पाणी, श्वासाला घरघर. निळ्या साडीतली आई हातात नळ्यांचा ट्रे घेऊन त्याच्यापर्यंत गेली, खाली बसली, आणि शेजारणीच्या पोराला म्हणावं तसं म्हणाली, आ कर. तिच्या करंगळीत बोळा होता. साक्षीने हाक मारली. हाक तोंडातच गोठली. तरी आईने वळून पाहिलं आणि दुसऱ्या हाताने खूण केली, थांब जरा, काम चाललंय.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या टेबलावर काचेची बशी होती. तिच्यात पांढरे, गोल, टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके उठले होते. भरपूर.

"आहे," साक्षी म्हणाली. "जिवंत आहे."

मॅडमच्या चेहऱ्यावर मात्र काही उजळलं नव्हतं. "तेच तर," त्या म्हणाल्या. "हा जंतू नाजूक असतो. अडीच महिने कुणी हात न लावता इतका धडधाकट राहायला नको होता. मी स्लाइड रंगवलीय. तुम्हीच बघा."

साक्षीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आधी नुसता उजेड. मॅडमनी चाक थोडं फिरवलं, आणि ती वाट पाहत राहिली, लहानपणी फरशीवर झोपून पाहायची तशी. उजेड घट्ट झाला. गुलाबी काहीच नव्हतं. पिना नव्हत्या. जांभळे गोल मणी होते, एकाला एक लागून, घडच्या घड, मार्चमध्ये बाजार समितीत उतरतात त्या द्राक्षांसारखे.

तिने चाक स्वतः पुढे-मागे फिरवून पाहिलं.

"हा तो नाही," ती म्हणाली.

"नाही. हा माणसाच्या कातडीवर राहतो. निरुपद्रवी असतो. हाताचा नळीच्या तोंडाशी स्पर्श झाला, एखाद्या वेळी, की आत जातो. मग नाजूक जो असतो तो मागे पडतो, हा वाढतो. पुढच्या वेळी तारेवर हाच येतो." मॅडमनी बशीवर झाकण ठेवलं. "कधी झालं ते सांगता येणार नाही. बरीच वर्षं झाली असतील. दिसायला ठिपके सारखेच. स्लाइड केल्याशिवाय कळत नाही, आणि स्लाइड करणं काही त्यांचं काम नव्हतं."

मागे अक्कम्माने नळ चालू केला होता, तो बंद केला.

"सरांना हे सांगायलाच हवं असं नाही," मॅडम हळू म्हणाल्या. "नळी मेली, असं मी कळवू शकते. तेही खोटं ठरणार नाही. तो जंतू मेलेलाच आहे. बाईंनी दर महिन्याला जपला, त्यांच्यामागे गेला. लोक तसंच लक्षात ठेवतील. तुम्ही ठरवा."

साक्षी रिकामी पिशवी घेतल्यासारखी घरी आली. जंतू नसेल तर नोंद नाही, नोंद नाही तर नाव नाही, एवढं सरळ होतं. उरला होता प्रश्न तो वेगळाच. मेला म्हणावं तर आई निष्कलंक राहते. खरं सांगावं तर एक बाई वर्षानुवर्षं, सुट्ट्या मोडून, विहारात जायच्या आधी, आपल्याच हाताचा जंतू या नळीतून त्या नळीत घालत राहिली, असं होतं. ते ऐकून कुणीतरी कुठेतरी हसेल. ती हसणारं तोंडसुद्धा डोळ्यांपुढे आणू शकत होती.

मग तिने वही उघडली.

आईने दर पौर्णिमेला एक ओळ लिहिली होती. महिन्याचं नाव, आणि पुढे दोन-चार शब्द. "आषाढ. बदलली. वास बंद पेटीतल्या ओल्या चादरीवाणी." पुढच्या महिन्यात, "वास तसाच." दर महिन्याला वासाची नोंद होती. नळीचा वास घ्यायचा नसतो, हे तिला कुणी सांगितलं नसावं, किंवा सांगितलं असूनही तिने घेतला होता. साक्षी पानं उलटत गेली. ती पाचवीत होती त्या वर्षाच्या श्रावणापाशी ओळ जरा लांब होती.

"श्रावण. साक्षी दवाखान्यात. घाईत बदलली. बोळा पडला. उचलून लावला."

साक्षीला टायफॉइड झाला होता. तिला खाटेच्या लोखंडी कठड्याचा गारवा आठवत होता. वडील चिंचोळीला एमआयडीसीत दोन पाळ्या करत होते, आणि आई एका दुपारी तासभर नव्हती. ती तासभर कुठे गेली होती, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

त्याच्या खाली:

"भाद्रपद. वास न्हाई. सरांना सांगितलं."

"आश्विन. वास न्हाई."

त्यानंतर वासाचा उल्लेख कुठेच नव्हता. फक्त महिना आणि "बदलली". वीस वर्षं, अगदी माघापर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जुळे सोलापुरात सरांकडे गेली. जाताना रिक्षात तिने दोन्ही वाक्यं जुळवून ठेवली होती, मेल्याचं आणि खरं. सर व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसले होते. पंचाहत्तरी उलटलेले, ताठ बोट काठीच्या मुठीवर.

"बस की गं, यव्वा," ते कानडी लाडाने म्हणाले. "ताक घे. वाढला का आपला गावचा माणूस?"

साक्षीने वही उघडून त्यांच्या मांडीवर ठेवली. सरांनी चष्मा लावला. श्रावणाची ओळ वाचली, भाद्रपदाची वाचली. ताठ बोट "सरांना सांगितलं" यावर जाऊन थांबलं आणि तिथेच राहिलं. रस्त्यावरून कलिंगडवाला ओरडत गेला.

"सांगितलं होतं तिने," ते म्हणाले. "केबिनच्या दारात उभी राहून. सर, त्येला वास येईना झालाय. मी म्हणालो, मनकर्णाबाई, घरात आजारपण आहे, रडून नाक बसलं असेल. हसलोसुद्धा."

"स्लाइडमध्ये द्राक्षं दिसली," साक्षी म्हणाली. "जांभळी."

"दिसणारच." त्यांनी वही मिटली नाही. "जुनी नळी ती टाकत नसे. नवी धरेपर्यंत ठेवायची, महिनाभर. त्या दिवशी कुणा पोराला सांगितलं असतं, एक स्लाइड कर रे, तर पाच मिनिटांत कळलं असतं. जुन्या नळीतून तो परतही मिळाला असता बहुतेक. इतकी पुस्तकं वाचली मी. वास गेला म्हणजे जंतू बदलला, हे मी वर्गात शिकवायचो की."

ताकावर माशी बसली होती. साक्षीने ती हाकलली.

"मॅडम म्हणतात, मेला म्हणून कळवू."

"तुला काय वाटतं?"

साक्षीने वही आपल्याकडे वळवली. "बोळा पडला हे तिने लिहून ठेवलंय," ती म्हणाली. "कुणी बघणार नव्हतं, तरी लिहिलंय. मग आपण कशाला पुसायचं?"

सरांनी मान हलवली, होकाराची होती की नुसतीच, ते कळलं नाही. मग म्हणाले, "पौर्णिमेला मीही येतो. किती वाजता?"

"दुपारी. ती दुपारी जायची."

वैशाखी पौर्णिमेला बाहेर ऊन इतकं पांढरं होतं की डोळे मिटले तरी ते आतून दिसत होतं. साक्षी विहारात जायच्या तयारीने, पांढऱ्या साडीत आली होती. प्रयोगशाळेत अर्धं सामान खोक्यांत गेलं होतं. सरांनी जंतूंची नोंदवही मागितली, पान काढलं, पेन धरायचा प्रयत्न केला आणि ते साक्षीकडे सरकवलं.

"तू लिही. मी सांगतो."

तिने लिहिलं. स्कुआ पक्ष्याच्या रक्तातला पाश्चुरेला, वीस वर्षांपूर्वीच्या श्रावण पौर्णिमेपर्यंत शुद्ध स्वरूपात जतन. जतन करणारी, मनकर्णा धोंडिराम बनसोडे. त्यानंतर नळीत त्वचेवरचा जंतू, मूळ जंतू नष्ट. बदल सर्वप्रथम लक्षात आला, भाद्रपद पौर्णिमा: मनकर्णा धोंडिराम बनसोडे. तोंडी कळवले. सरांनी काठी टेबलाला टेकवली.

"पुढे लिही. दखल घेतली नाही: गुरुशांत." आणि त्याखाली त्यांनी स्वतः, वेळ लावून, वाकडीतिकडी सही केली. "ह्याचीच प्रत संग्रहाला जाईल. नमुना नसला म्हणून काय झालं. कसा गेला ते कळलं तर दुसऱ्या कुणाचा तरी वाचेल."

दाक्षायणी मॅडमनी नळी आणून दिली. "ही घरी नेऊ देता येणार नाही," त्या म्हणाल्या.

"नको," साक्षी म्हणाली. "मीच ठेवते आत."

तिने नळी खिडकीच्या उजेडात धरली. आगरावरची पांढरी रेघ खालून वर, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे चढत गेली होती. जिथून तार फिरली तिथेच जंतू उगवला होता, कुठेही न चुकता. आईचा हात माघातल्या दुपारी काचेच्या आत कसा वळला होता ते पानावरच्या अक्षरासारखं दिसत होतं. वरच्या टोकाला रेघ किंचित थरथरली होती. ती थरथर साक्षीने बोटाने काचेवरून एकदा गिरवली, आणि नळी वाफेने जंतू मारणाऱ्या ऑटोक्लेव्हच्या जाळीत, बाकीच्या नळ्यांच्या मधे उभी करून ठेवली.

झाकण लागलं. पाण्याला उकळी फुटल्याचा आवाज आला. वाफेची पहिली पांढरी धार सुटली, खोलीत पसरली, आणि तेवढ्यापुरतं बाकं, खोकी, सगळंच पांढरं आणि दूरचं झालं. त्या पांढऱ्यात कुणीतरी पंख मिटून उभं असल्यासारखं साक्षीला वाटलं. तिने नीट पाहिलं नाही.

"भात लावल्यावाणी वाटतंय," अक्कम्मा म्हणाली. "तुझी आई इथं उभी राहून शिट्ट्या मोजायची. मी म्हणायची, अगं, वरण झालं का बघ."

"मग काय म्हणायची?"

"म्हणायची, गप. आत सगळी शांत झोपू देत."

मॅडमनी साबण पुढे केला. प्रयोगशाळेतून निघताना हात धुवायचे असतात. साक्षीने ते आईसारखे धुतले, आधी तळवे, मग बोटांच्या फटी, शेवटी करंगळ्या. मॅडम बघत होत्या.

"कितीही धुतले तरी तो जंतू हातावरून पूर्ण जात नाही," त्या सहज बोलल्यासारखं म्हणाल्या. "लहानपणी आईकडून येतो बहुतेकांना."

साक्षीने नळ बंद केला. विहारात वंदनेला अजून अवकाश होता. सर काठी टेकत दारापर्यंत पोहोचले होते, अक्कम्मा आपला डबा पिशवीत भरत होती. साक्षीने हात पुसले नाहीत. तसेच ओले, जरासे अंगापासून दूर धरून, ती उन्हात उतरली.